आत्याबाईंची राहदारी

आत्याबाई, परवा सुनेनं मला घराबाहेर काढलं. दचकू नका, तसं काही झालेलं नाही. अकोल्याला माझ्या भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि मी आठवडाभर तेच ते दळण दळत बसले होते. जावं का, कसं जावं, नातवाची परीक्षा तोंडावर आली, कामवाली सुट्टीवर, माझ्या बीपीच्या गोळ्या, हे आणि ते. सून ओट्याशी पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, तुम्ही जा. दुपारच्या गाडीनं जा. घर मी पाहते.” मी “अगं पण” म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं लाटणं माझ्यावर रोखलं आणि म्हणाली, “जा म्हटलं ना!” तासाभरात मी एसटीत होते. बडनेरा मागं पडलं, दोन्हीकडं तुरीची शेतं सुरू झाली आणि मला रडू आवरेना. शेजारच्या बाईनं विचारलं, “मावशी, कोणाचं काही बरंवाईट झालं का?” मी म्हटलं, “नाही हो, माहेरी चालले.” मी काही माझ्यासाठी रडत नव्हते. कोणीतरी ‘जा’ म्हटलं की माणसाला केवढं हलकं वाटतं, ते मला साठी उलटल्यावर कळलं. आणि बसल्या जागी हेही कळलं की तुम्ही वर्षानुवर्षं एवढंच ऐकायला थांबला होतात. मोर्शीला, तुमच्या माहेरी जायला. आमच्यापैकी एकानंही ते म्हटलं नाही. तुम्ही हे जग सोडून आता पंचवीसेक वर्षं झाली, म्हणजे म्हणायची सोयच उरली नाही.

मी तुमची सून होऊन अमरावतीला आले तेव्हा सासूला आई म्हणायची पद्धत नवी नवी निघाली होती. पहिल्याच दिवशी मी ‘आई’ म्हटलं, तर तुम्ही पदर खोचत म्हणालात, “तुही आई अकोल्याले हाय. मले आत्याबाई म्हण.” मला झोंबलं होतं ते. मी मास्तरांची मुलगी, बी.ए. झालेली, एकटी नागपूरला जाऊन परीक्षा देऊन आलेली. माझ्या डोक्यात वारं होतंच. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी मी बॅग भरली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. तुम्ही गॅस कधी ओट्यावर ठेवू दिला नाहीत. खाली फरशीवर शेगडी, समोर पाट, आणि पाटावर तुम्ही. ज्वारीची भाकरी थापत होतात. मी म्हटलं, “आत्याबाई, उद्या सकाळच्या पॅसेंजरनं अकोल्याला जाऊन येते.” भाकरी तव्यावर पडली. तुम्ही वर पाणी फिरवलंत. मग विचारलंत, “कोणासंग?” मी म्हटलं, एकटीच. “मुराळी कोण?” मी म्हटलं, कोणी नाही, दोन-अडीच तासांचा तर रस्ता. “आन् राहदारी कोणं देली?”

मला तो शब्दच कळला नाही. अकोल्याच्या चौकात पाटी असायची, रहदारीस अडथळा करू नये. तेवढीच रहदारी मला ठाऊक, गाड्यांची आणि सायकलींची. मी फिस्सकन हसले. ते हसणं महागात पडलं. “हासतं काय वं? लेकीले न्याले माहेरून मुराळी येते. घरचं मोठं माणूस राहदारी देते. मंग ती उंबरा ओलांडते. तिकून बोलावनं नाई, इकून राहदारी नाई, आन् ही चालली बॅग घेऊन! भाजी आनाले चालली का?” मी खोलीत जाऊन बॅग आपटली. तुमच्या मुलाजवळ कटकट केली. ते वकील माणूस. म्हणाले, “आईच्या कोर्टात अपील नाही,” आणि वर हसले. त्या दिवशी मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. तुम्हाला अंदाज असेलच.

शेवटी माझ्या भावाला निरोप गेला. तो सुट्टी टाकून कुरकुरत आला. “बाबांनी कोणत्या जमान्यातलं घर पाहिलं गं!” असं तो अंगणातच माझ्या कानाशी पुटपुटला. तुम्ही त्याला पाटावर बसवलंत, आमरसाच्या वाटीवर वाटी वाढलीत, तो नाही नाही म्हणताना वरून तुपाची धार सोडलीत. हात धुऊन झाल्यावर म्हणालात, “आता इचारा.” तो माझ्याकडं पाहायला लागला, काय विचारू? मी ओठ हलवून सांगितलं. मग तो घसा साफ करून म्हणाला, “ताईला नेऊ का?” तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. जरा वेळ घेतलात, जसा काही मोठा खटलाच समोर होता. मग “न्या. आठ दिस,” म्हणालात. माझा तळहात पुढं ओढून त्यावर चमचाभर दही ठेवलंत, दह्यावर साखरेची चिमूट. “जाय. जाऊन ये. कोणी काही म्हटलं तं सांगजो, राहदारी घेऊन आली.” मी ते दही रागारागानं चाटलं. पण खरं सांगते, गोड लागलं.

अकोल्याला पोचल्या पोचल्या मी बाबांसमोर तुमची नक्कल केली. शाळेत मराठी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळे हसले, ते हसले नाहीत. म्हणाले, “किती जुना शब्द गं! पूर्वी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जायचं तर कागद लागायचा. त्याला राहदारी म्हणत. आता परवाना म्हणतो, पासपोर्ट म्हणतो. तुझ्या सासूबाईंच्या तोंडी तो अजून जिवंत आहे.” मी म्हटलं, “जिवंत कसला, माझ्या उरावर बसलाय!” तेव्हा ते म्हणाले, “वेडे, तो कागद तुला अडवायला नसतो. वाटेत दुसरा कोणी अडवेल, त्याला दाखवायला असतो. हे माणूस वाऱ्यावर निघालेलं नाही, ह्याच्या मागं कोणीतरी आहे, एवढंच तो सांगतो.” मी मान उडवली आणि आईच्या हातची पुरणपोळी खायला निघून गेले. त्या वयात कोण ऐकतं हो!

पुढं एका दुपारी आपण ओसरीवर संत्री सोलत बसलो होतो, तेव्हा तुम्ही हा शब्द कुठून आला ते सांगितलंत. तुमच्या आजोबांचे आजोबा म्हणे वर्धेच्या घाटावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याची राहदारी पाहायला. अलीकडं वऱ्हाड, पलीकडं नागपूरकरांचा मुलूख, मध्ये नदी. “कितीबी मोठा सावकार असो, राहदारीबिगर डोंग्यात पाय नाई ठेवू देत,” असं सांगताना तुमची मान अशी ताठ झाली, जसं काही तुम्हीच त्या घाटावर बसला होतात. मला आगाऊपणा सुचला. मी विचारलं, “आणि त्यांना स्वतःला पलीकडं जायचं झालं तर?” तुम्ही फोड तोंडाशी नेता नेता थांबलात. विचार केलात. “वरचा अमलदार देत असन. सोताची राहदारी सोताच थोडी लिवता येते!” मग फोड खाल्लीत आणि बी माझ्या पायाशी थुंकलीत. मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. तुम्ही माझ्या हातात किल्ली दिली होतीत, आत्याबाई. मी ती संत्र्याच्या सालींबरोबर केरात टाकली.

तुम्ही वाईट होतात असं मी कोणालाही म्हणू देत नाही, हे लिहून ठेवते. माझा मुलगा रांगायला लागला तेव्हा मला जिल्हा कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. तुमच्या मुलाचं तोंड एवढंसं झालं. वकिलाची बायको टेबलावर बसून शिक्के मारणार, लोक काय म्हणतील! ते थेट नाही म्हणाले नाहीत. घरात काय कमी आहे, मुलाचे हाल होतील, असं गोल गोल फिरत राहिले. तुम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतात. सोलता सोलताच म्हणालात, “जाय वं तू. म्या देली राहदारी. पोट्ट्याले मी पाह्यतो.” झालं. नाका उठला. नंतर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. पहिल्या दिवशी निघताना तुम्ही तळहातावर दही ठेवलंत, आणि मी इतकी वर्षं त्या कचेरीत ताठ मानेनं गेले-आले, कारण माझ्या मागं तुम्ही होतात. बाबांचं म्हणणं मला तेव्हा थोडंसं उमगलं. पण अर्धंच. राहदारी मिळाली की काय होतं ते कळलं. न मिळालेल्या माणसाचं काय होतं, ते नाही कळलं.

दर हिवाळ्यात मोर्शीहून संत्र्यांची पेटी यायची. तुमच्या भावाच्या बागेतली. शेतावरचा गडी ती एसटीच्या टपावरून आणायचा, ओसरीवर टेकवायचा, घाम पुसायचा आणि निरोप सांगायचा. “भाऊसायबानं इचारलं हाय, राहदारी कवा भेटते?” तुम्ही पेटीतलं एक संत्रं उचलून पदराला पुसायचात. “सांगजो, घरचे मोठे देतील तवा.” गडी हसायचा, आम्ही हसायचो. माझा मुलगा तर दोघांची नक्कल करायचा, एकदा गड्याची, एकदा तुमची. चहा पिऊन गडी जायचा आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. मला वाटायचं, बहीणभावाची थट्टा आहे. घरात तुमच्याहून मोठं होतंच कोण? सासरे मी यायच्या आधीच गेलेले, त्यांची आई त्याच्याही आधी.

त्या थट्टेच्या मागं काय होतं, ते तुम्ही एकदाच सांगितलंत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमचा भाऊ कोणाला न विचारता खाचर जुंपून तुम्हाला न्यायला आला होता. तुमच्या सासूनं त्याला ओसरीवरूनच विचारलं, राहदारी मागितली होती का? मग आल्या पावली वापस जा. पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही आत चुलीपुढं होतात. “बैलाइची घुंगरं आयकत होती मी,” तुम्ही म्हणालात. “आली, थांबली, गेली.” भावानं जाताना अंगणात उभं राहून शपथ घातली, की आता राहदारी आल्याबिगर मी या दाराशी बहिणीले न्याले येणार नाही. तो शब्दाचा पक्का निघाला. आधी निरोप पाठवायचा, सासू हो म्हणायची, मग तो यायचा आणि तुम्ही जायचात. लग्नकार्यात आला की अक्षता टाकून, जेवून, हात जोडून निघून जायचा. सासू होती, सासरे होते, तोवर तुमचं मोर्शीला जाणं-येणं होतं. ती दोघं गेली, घर तुमच्या हाती आलं, आणि तुमचं जाणं थांबलं. तो तिकडं राहदारीची वाट पाहत होता, आणि तुम्ही इकडं ती देणाऱ्याची.

एकदा मी म्हटलं होतं, आठवतं? तुम्ही सुपात तांदूळ निवडत होतात. मी म्हटलं, “आत्याबाई, एकदा मोर्शीला जाऊन का येत नाही? गाड्या तर सारख्या चालू आहेत.” तुमचा हात थांबला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, “जाव का?” विचारलंत हो तुम्ही! सरळ विचारलंत, माझा भाऊ पाटावर बसून विचारत होता तसं. आणि मी, नागपूरला एकटी जाऊन परीक्षा देऊन आलेली शहाणी, काय म्हणाले? “तुमची मर्जी, आत्याबाई.” मला वाटलं, केवढा मान दिला. संध्याकाळी तुमच्या मुलाच्या कानावर घातलं, तर तेही तेच म्हणाले, “आई, तुला कोण अडवतंय? तुझी मर्जी.” तुम्ही सूप पुढं ओढून पुन्हा खडे वेचायला लागलात. “मर्जी तं हाय वं,” एवढंच म्हणालात. आम्ही दोघांनीही ते ऐकलं, आणि आपापल्या कामाला लागलो.

शेवटच्या आजारातही तुम्ही विचारलंत. दवाखान्यातून घरी आणलं होतं, मधल्या खोलीत खाट टाकली होती. मी पेज भरवत होते. तुम्ही तोंड बाजूला केलंत आणि म्हणालात, “मोर्शीची गाडी आता कुठून सुटते वं?” आणि मी सांगितलं! कोणत्या स्टँडवरून सुटते, कुठं कुठं थांबते, सगळं सांगितलं. चौकशीच्या खिडकीवर बसल्यासारखं. तुम्ही “असं का” म्हणालात आणि पेज घेतलीत. मला आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. दहाव्याला तुमचा भाऊ आला. काठी टेकत आला, ओसरीवर बसला, चहाला हात लावला नाही. निघताना तुमच्या फोटोपुढं उभा राहिला आणि म्हणाला, “भेटली बाईले राहदारी.” आम्हाला वाटलं, म्हातारी माणसं बोलतात तसं बोलले.

मग तो शब्द घरातून गेलाच. मी नोकरीच्या शेवटाला आले आणि ती महामारी आली. तुम्ही पाहिलं नाहीत ते बरं. जिल्ह्याच्या सीमा बंद, अकोल्याला जायचं तरी पास लागायचा. कचेरीत मला त्या पासांच्याच टेबलावर बसवलं. लोक मोबाइलवर अर्ज भरायचे, आम्ही कारण पाहायचं, कागद पाहायचे आणि साहेबांकडं पुढं सरकवायचं. कारणं ठरलेली. दवाखाना, मयत, लग्न. पहिल्याच दिवशी मनात आलं, आत्याबाईंनी मला वर्धेच्या घाटावर आणून बसवलं बघा. राखीच्या आधी एका म्हाताऱ्याचा फोन आला. मोर्शीचा होता. “बाई, माह्या बहिणीले अकोल्याहून आनाचं हाय. अर्ज वापस आला.” मी विचारलं, कारण काय लिहिलंत काका? “मुराळी म्हणून जातो, असं लिवलं.” काय करणार! मी म्हटलं, हे कारण चालत नाही हो. तर तो म्हणाला, “मंग बाई, राहदारी मांगाव तरी कोणाले?”

तुमच्यानंतर तो शब्द मी कोणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “काका, बहिणीला फोन करा. यायचं मनात आहे, एवढं तरी तिला कळू द्या.” तर म्हातारा म्हणाला, “थे तं तिले मालूम हाय बाई. मालूम असून का होते? कोणी म्हनाव लागते ना.” फोन ठेवला त्यानं. त्याचा अर्ज मी पुन्हा पुढं पाठवला, वर चार ओळी लिहून पाठवला, पुन्हा परत आला. पण त्याचं ते बोलणं माझ्या डोक्यात रुतून बसलं. कोणी म्हनाव लागते. सीमा उघडल्या, मी निवृत्त झाले, आणि एक दिवस उठून मोर्शीला गेले. कोणालाही न विचारता गेले, हे तुम्हाला आवडलं नसतं.

तुमचा भाऊ तोवर नव्हता. वहिनी होती, तुमची. डोळ्यांनी कमी दिसतं, पण जीभ शाबूत. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझा हात चाचपला आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? “तुमच्या घरात एकाच्याबी तोंडात जीभ नोती का वं?” मग तिनं बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. दर साली पेटी निघायच्या आधी तुमचा भाऊ मधली खोली चुन्यानं पोतून घ्यायचा. तुमच्यासाठी लुगडं आणून ठेवायचा. गडी निरोप घेऊन परत आला की अंगणातून विचारायचा, भेटली का? नाही म्हटलं की बागेत निघून जायचा. “आणि त्या लुगड्यांचं काय केलंत?” मी विचारलं. “फागुन लागला का मलेच देत. मीच नेसली. ठेवून का करता?” म्हातारी खळखळून हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली.

मी माझी बाजू मांडायला गेले, वकिलाची बायको ना. म्हटलं, मामी, आत्याबाई स्वतःच घरात मोठ्या होत्या, यायचं असतं तर कोण अडवणार होतं? तेव्हा तिनं मला जे सुनावलं ते ऐका. “अवो बाई, रांडमुंड बाई सोताच्या मनानं उठून भावाच्या दारी आली, तं गावात का म्हनतील? पोरानं हाकललं, सून बघत नाई. घरच्यानं जाय म्हटलं, दही देल्लं, तं ती माहेरी आली म्हनतात. नाई तं निघून आली म्हनतात. तुमच्या नावाले बट्टा नको म्हणून थांबली थे.” आत्याबाई, हे तुम्ही एकदाही बोलला नाहीत. तुम्ही मानी आहात, हट्टी आहात, भावाशी अढी धरून बसलात, असं मी आल्यागेल्याला सांगत होते. आणि तुम्ही आमचं नाव झाकून बसला होतात. हे तुमच्या मुलाला सांगायला मी घरी आले. ते ऐकत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, “साधं जा म्हणायचं होतं गं.” तेवढं बोलून ते गॅलरीत जाऊन बसले.

हे मी अकोल्यात लिहिते आहे. भाऊ पायाखाली उशी घेऊन झोपलाय. तोच हा, “ताईला नेऊ का” म्हणणारा. काल त्याला त्या आखाजीची आठवण करून दिली, तर म्हणतो, “तुझ्या सासूसारखा आमरस पुन्हा कुठं खाल्ला नाही.” हे पत्र टाकायला पत्ता नाही. वहीच्या पानांवर लिहितेय आणि वही माझ्याच बॅगेत परत जाईल. म्हणून एक कबूल करायला हरकत नाही. तुम्ही जावं असं मला वाटत नव्हतं, असं नव्हतं हो. फार वाटायचं! पेटी आली की दर हिवाळ्यात मी मनातल्या मनात म्हणायचे, जाऊ दे बाई ह्यांना आठ दिवस. शेगडी ओट्यावर ठेवीन, उभी राहून स्वयंपाक करीन, भाजीत तेल कमी घालीन, दुपारी पाय पसरून झोपीन. आणि ह्याचीच मला लाज वाटायची. ‘जा’ म्हटलं आणि त्यातली माझी हौस तुम्हाला ऐकू आली तर? सून मला घालवायला बसली, असं तुम्हाला वाटलं तर? म्हणून मी साळसूदपणे ‘तुमची मर्जी’ म्हणत राहिले. चांगली सून व्हायचा सोस! जरा आणखी स्वार्थी असते, तर तुम्ही मोर्शीला जाऊन आला असतात.

मघाशी सुनेचा फोन आला. “आई, घाई करू नका, आठ दिवस राहा चांगल्या.” मागं मिक्सर चालला होता आणि ती मोठ्यानं गाणं लावून स्वयंपाक करत होती. आवाजात इतका आनंद, की मला हसूच आलं. पोरगी मोकळी झाली होती आणि तिनं ते लपवलंही नाही. लपवलं असतं, तर मी आज तिथंच बसून जावं का, कसं जावं करत राहिले असते. मी तिला म्हटलं, राहते. फोन ठेवला आणि भावजयीच्या फ्रिजमधलं दही काढलं. आता माझ्या तळहातावर चमचाभर दही आहे, वर साखरेची चिमूट, आणि द्यायला समोर कोणी नाही. तुम्हाला राहदारी देणारी मी कोण, असं अजूनही वाटतंय, जीभ अडखळतेय. तरी म्हणते. जा, आत्याबाई. आठ दिवस राहा. घर मी पाहते.